फिटरकाकांच्या एकसारख्या कुकीज

हल्ली कुणाकडे रिकाम्या हाताने जायची सोय राहिलेली नाही, आणि हातात काय असावं हेही लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. पूर्वी फुलं चालायची, फळं चालायची, काहीच नसलं तर नुसतं हसणंही चालायचं. आता खोका लागतो. पुठ्ठ्याचा खोका, वर सुतळीची गाठ, आत हाताने केलेल्या कुकीज. बाळ झालं, कुकीज. नोकरी लागली, कुकीज. नोकरी सुटली, तरी कुकीज! चौकातल्या दातांच्या डॉक्टरने दवाखान्याला पाच वर्षं झाली म्हणून पेशंटना कुकीज वाटल्या, आता बोला. आणि खोका उघडला रे उघडला की पहिला प्रश्न ठरलेला, "हाताने केलेल्या ना?" नाही म्हणालात तर लोक तोंडदेखली एक उचलतात आणि खोका आतल्या खोलीत जातो.

फिटरकाका या कुकीजच्या नादाला लागले ते निवृत्त झाल्यावर. अडतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात फिटर होते. मशीनवरून उतरलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा. तो नीट बसला तर ठीक, नाहीतर काका कानस घ्यायचे आणि घासून घासून असा बसवायचे की मधे कागद जाणार नाही. म्हणजे मशीनला जे जमलं नाही ते काकांचा हात जमवायचा. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातला प्रत्येक स्क्रू आवळला. दुसऱ्या महिन्यात नळ उघडले, बिजागऱ्या उतरवल्या, शेजाऱ्यांची दारं सरळ केली. तिसऱ्या महिन्यात काहीच उरलं नाही, तेव्हा आधी आवळलेले स्क्रू सैल करून पुन्हा आवळायला लागले. काकूंनी हात टेकले. त्या दिवशी त्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला न्यायला कुकीज करत होत्या. मैदा, लोणी, साखर मळून झालेला गोळा त्यांनी काकांसमोर आदळला आणि म्हणाल्या, "अहो, हा स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि हे वळा. नाहीतर मी माहेरी जाते."

काकांनी गोळा उचलला. हातात तोलला. डोळे बारीक करून त्याचे चोवीस भाग केले, एकेक तळव्यावर फिरवला, चपटा केला, आणि सुरीच्या पाठीने कडेला आठ खाचा पाडल्या. भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा काकू बघतच राहिल्या. चोवीसच्या चोवीस एकाच मापाच्या. कुठली पहिली आणि कुठली शेवटची, सांगता येईना. "साचा वापरलात?" त्यांनी विचारलं. काका दुखावल्यासारखे म्हणाले, "मला साचा कशाला लागतो?"

तेव्हापासून ओटा काकांचा झाला. जाडी मोजायचं कॅलिपर चमच्यांच्या शेजारी टांगलं गेलं. काकू पीठ मळायच्या, काका वळायचे, आणि भाजून झालेली एकेक कुकी कॅलिपरच्या चिमटीतून काढायचे. जी बसली नाही ती "रिजेक्ट" म्हणून बशीत जायची आणि काकू चहाबरोबर खायच्या. हळूहळू गल्लीतले लोक सांगून करून घ्यायला लागले. काकांच्या तोंडावर पुन्हा कामावरचं तेज आलं आणि घरातले स्क्रू सुटले बिचारे.

आता खरी गोष्ट. काकांची एकुलती एक लेक. तिचं तिच्याच ऑफिसातल्या एका मुलाशी जमलं. मुलगा चांगला, शांत, बोलताना समोरच्याकडे बघणारा. वडील नाहीत, आई आहे. आई म्हणजे चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता असं मुलानेच हसत हसत सांगितलं होतं. त्यांना घाण चालायची, पसारा चालायचा, मीठ जास्त पडलेलंही चालायचं. फक्त खोटं चालायचं नाही.

लेक पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली ती अर्थातच खोका घेऊन. होणाऱ्या विहीणबाईंनी सुतळी सोडली. एक कुकी उचलली, तिच्यावर दुसरी ठेवली, तिच्यावर तिसरी. अशा बारा कुकीज एकावर एक रचल्या. बारा कुकीजचा खांब टेबलावर सरळ उभा राहिला.

"घरी केल्यात?"

"हो ना! बाबांनी. हाताने," लेक कौतुकाने म्हणाली.

"हाताने?"

"हो. सगळ्या."

विहीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि "बरं," म्हणाल्या. कुकी खाल्ली, छान आहे म्हणाल्या, चहा दिला. पण लग्नाची तारीख काढायची असं जे ठरलं होतं त्याचं नावही त्यांनी काढलं नाही. "बघू, घाई काय आहे," असं म्हणून दारापर्यंत सोडायला आल्या. आठवड्याने त्यांचा लेकीला फोन आला. "हे बघ, साध्या कुकीसाठी खोटं बोलायची काही गरज नव्हती. विकतच्या आणल्या म्हणाली असतीस तर मी काय तुला खाऊन टाकलं असतं? माणूस छोट्या गोष्टीत खोटं बोलतो तेव्हा मला मोठ्या गोष्टींची धास्ती वाटते. माझ्या घरात मला खरं बोलणारी माणसं लागतात."

लेकीने हे घरी सांगितलं तेव्हा तिचा आवाज नीट होता, पण सांगून झाल्यावर ती मोरीत जाऊन पाच मिनिटं नुसता नळ सोडून उभी राहिली. काकांना ते बाहेर ऐकू येत होतं. पोरीने कधी शाळा बुडवली तरी येऊन सांगायची, आणि तिला कुणी खोटारडी म्हणावं? तेही त्यांनी वळलेल्या कुकीजवरून?

"कमाल आहे!" काका खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "नीट केलं म्हणून संशय! हाताने केलं म्हणजे वाकडंच झालं पाहिजे, हा कुठला न्याय?"

"न्याय वगैरे राहू द्या," काकू म्हणाल्या. "हल्ली लोकांना वाकडंच आवडतं. समोरच्या इमारतीतल्या त्या शिवणकामवाल्या बाईच्या कुकीज बघा. एक कावळ्याएवढी, एक चिमणीएवढी, कडा जळलेल्या. आणि लोक म्हणतात, अय्या, किती घरगुती!"

हे मात्र काकांच्या डोक्यात बसलं. वाकडंच हवंय ना? मग वाकडं देऊ. काकू बाजारात गेलेल्या बघून ते ओट्यापाशी उभे राहिले आणि वाकडी कुकी करायला लागले. पण हात ऐकेना! वाकडी करायला घेतली की तळवा आपोआप फिरायचा आणि कुकी गोल व्हायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर काकांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आलेखाचा कागद काढला, पेन्सिलला टोक केलं आणि वाकड्या कुकीचं ड्रॉइंग काढलं. डावी बाजू तीन मिलिमीटर बसकी. वर एक फुगवटा. आठाऐवजी सात खाचा, त्यातली एक तिरकी. ड्रॉइंग समोर ठेवल्यावर काम कसं सुरळीत झालं. चोवीस वाकड्या कुकीज झाल्या. काकांनी सवयीने मोजूनही घेतल्या. एकही रिजेक्ट निघाली नाही.

लेक ऑफिसातून आली ती घाईत होती. काकांनी हातात दिलेला खोका तिने न उघडता तसाच मुलाकडे दिला, आणि त्याने तो आईला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. या वेळी विहीणबाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "खोका मिळाला," त्या म्हणाल्या. "त्या कारखान्याचं मशीन बिघडलंय वाटतं. चोवीसही डावीकडून बसल्यात."

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, काय करून बसलात! सगळ्या वाकड्या, त्याही एकसारख्या?"

काका स्टुलावर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. "मला वेगवेगळ्या वाकड्या सुचल्याच नाहीत गं," ते म्हणाले. काकूंना हसू आलं, पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

लेक म्हणाली, "बाबा, आता काही करू नका. प्लीज. तो म्हणतोय, आईशी बोलतो म्हणून."

"तो काय बोलणार? त्याने मला वळताना कुठे पाहिलंय?" काका उठले. "त्यांना इथे बोलाव. रविवारी. माझ्या ओट्यासमोर खुर्ची टाकतो, बसा म्हणावं आणि बघा. बघितल्यावर तरी विश्वास ठेवतील ना?"

लेक नको नको म्हणत होती. पण काकांनी स्वतः फोन लावला आणि विहीणबाईही लगेच हो म्हणाल्या. आता मागे फिरायची सोय नव्हती. रविवारी काय होणार ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. बाईंचं समाधान झालं तर तारीख निघणार. नाही झालं तर मुलगा कितीही चांगला असला तरी लेक त्या घरात खोटारडी म्हणूनच पाऊल टाकणार, आणि पुढची सगळी वर्षं तिचं प्रत्येक वाक्य चष्म्यावरून तपासलं जाणार.

रविवारी अकराच्या ठोक्याला दोघं आले. विहीणबाई उंच, बांधेसूद, साधे सुती कपडे, हातात पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. काकांनी खरोखरच ओट्यासमोर खुर्ची टाकली होती. बाई बसल्या. मुलगा दाराला टेकून उभा राहिला. लेक फ्रिजजवळ. काकूंनी मळलेला गोळा परातीत ठेवला आणि बाजूला झाल्या.

"सुरू करा," विहीणबाई म्हणाल्या. म्हणायचा हेतू साधाच असेल, पण चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये म्हटलेलं ते 'सुरू करा' होतं.

त्यांनी पीठ घेतलं. आणि काय सांगावं, हात कापायला लागले! अडतीस वर्षांत कापले नाहीत. कारखान्याचा मोठा साहेब मागे उभा राहिला तेव्हा कापले नाहीत, परदेशातून माल तपासायला माणसं आली तेव्हा कापले नाहीत. पण तेव्हा पणाला पंपाचा दांडा असायचा. आज फ्रिजजवळ लेक उभी होती, ओठ चावत. पहिला गोळा मोठा झाला. दुसरा लहान. तिसरा हातातून निसटला आणि परातीत पडला. खाच पाडताना सुरी सरकली. काकांच्या कपाळावर घाम आला. काकू हळूच म्हणाल्या, "पाणी घ्या जरा." काकांना ऐकूच आलं नाही. त्यांनी कशाबशा बारा कुकीज ट्रेवर लावल्या आणि ट्रे भट्टीत सारला. मग सगळे भट्टीच्या काचेकडे बघत राहिले.

ट्रे बाहेर आला. एक पसरलेली, एक ढेकळासारखी, दोन एकमेकींना चिकटलेल्या. कडेची एक करपलेली. फिटरकाकांच्या ओट्यावर असा माल कधी उतरला नव्हता.

विहीणबाई खुर्चीवरून उठल्या. ट्रेवर वाकल्या. एक उचलली, दुसरी उचलली, शेजारी शेजारी धरल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"ह्या बघा," त्या म्हणाल्या. "ह्या हाताच्या आहेत. ह्याला म्हणतात हाताने केलेलं. एक दुसरीसारखी नाही. झालं, माझं समाधान झालं. आधीच्या कुठून आणल्या ते मी विचारत नाही, तो विषय संपला. चला, तारखेचं बोलू या."

मुलगा दारापासून सरळ झाला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. आता काकांनी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेवढंच काम होतं त्यांना.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?" विहीणबाईंनी विचारलं.

"ह्या हाताच्या नाहीत. म्हणजे हाताच्या आहेत, पण फसलेल्या आहेत. माझे हात कापत होते म्हणून अशा झाल्यात. हा सगळा ट्रे रिजेक्ट आहे."

"अहो!" काकू दातांतून म्हणाल्या आणि त्यांनी मागून काकांचा शर्ट ओढला. लेकीने मान खाली घातली. पण काका आता थांबणारे नव्हते.

"पहिल्या खोक्यातल्या माझ्या होत्या," ते म्हणाले. "त्या मी ह्याच ओट्यावर वळल्या. पोरगी खरं बोलली तुमच्याशी. दुसऱ्या खोक्यातल्याही माझ्याच, पण त्या मी मुद्दाम वाकड्या केल्या. तुम्हाला वाकड्या आवडतात असं वाटलं म्हणून. कागदावर ड्रॉइंग काढून केल्या. ते खोटं होतं. तेवढं एक खोटं मी बोललो, पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं. आता ह्या फसलेल्या बघून तुम्ही हो म्हणणार असाल, तर पोरगी पहिल्यांदा खोटंच बोलली असं ठरतं. ते मला चालणार नाही. तारीख नाही निघाली तरी चालेल."

बोलून झालं आणि काकांनी ओट्याची कड धरली. विहीणबाईंच्या हातात दोन वाकड्या कुकीज तशाच होत्या.

त्यांनी त्या ट्रेवर ठेवल्या. "ड्रॉइंग काढलंत?" त्यांनी विचारलं. "वाकड्या कुकीचं?"

"हो."

"आहे का अजून?"

काकूंनी खणातून आलेखाचा कागद काढून दिला. विहीणबाईंनी चष्मा वर सरकवून तो नीट वाचला. डावी बाजू तीन मिलिमीटर. फुगवटा. सात खाचा, एक तिरकी. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. आधी कुणाला कळेना काय होतंय. मग कळलं, बाई हसत होत्या. इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा खुर्चीवर बसावं लागलं. मुलाने आपल्या आईला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यालाच ठाऊक.

"चौतीस वर्षं पेपर तपासले मी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "निकाल लागला की दाराशी रांग लागायची, बाई, मार्क कमी पडले. जास्त पडले, कमी करा, असं सांगायला कोण येतं हो? तुम्ही आलात." मग त्यांचं हसू थांबलं. त्या लेकीकडे वळल्या. "इकडे ये."

लेक पुढे आली.

"फोनवर मी तुला काय म्हणाले ते आठवतंय?"

"हो, मॅडम."

"ते मी परत घेते. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटं ठरवलं. तुझ्या वडिलांना हे सगळं करायला लावलं. चूक माझी आहे. माफ कर मला."

लेकीने मान हलवली, "असू दे, आई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. विहीणबाईंनी तिला जवळ ओढलं. काकूंनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "एक आई इथेही उभी आहे म्हटलं, कुणाच्या लक्षात असेल तर." त्यावर सगळेच हसले. मुलगाही, आणि तो तर डोळे पुसत हसत होता.

काकांनी ओट्याची कड सोडली. हात समोर धरून बघितले. हात शांत होते. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलून नेलं असं त्यांना वाटलं. एकदम भूक लागली. त्यांनी ट्रेवरची करपलेली कुकी उचलून तोंडात टाकली, आणि ती चक्क बरी लागली.

"पीठ अजून अर्धं शिल्लक आहे," ते विहीणबाईंना म्हणाले. "आता हात थांबलेत. बसा, वीस मिनिटांत दाखवतो पहिल्यासारख्या."

विहीणबाई उठल्या. त्यांनी ओट्यासमोरची खुर्ची उचलली आणि लेकीचा हात धरून बाहेरच्या खोलीकडे निघाल्या.

"तुम्ही करा सावकाश," त्या जाता जाता म्हणाल्या. "मला बघायच्या नाहीत आता, खायच्या आहेत. आम्ही बाहेर बसून तारीख ठरवतो."